शिकारी चाकू पहिल्यांदा घेताना: बक ११९ची निवड, वापर आणि निगा

अमेरिकेत स्थायिक झालेली आणि आता शिकारीकडे वळलेली मराठी मंडळी बंदुकीबद्दल भरपूर वाचतात. चाकू मात्र दुकानातल्या काचेपाशी उभे राहून पाच मिनिटांत ठरवतात. गोळीचे काम क्षणात संपते. पुढे हरीण साफ करायचे, सोलायचे आणि मांस खराब न होता घरी आणायचे, हे सगळे चाकूवर असते. म्हणून हा लेख फक्त चाकूबद्दल आहे, आणि तोही एका चाकूभोवती लिहिलेला आहे: बक कंपनीचा ११९ स्पेशल. काळी मूठ, तिच्या दोन्ही टोकांना चकचकीत धातू, पुढे वळणदार टोकाचे लांब पाते आणि सोबत काळे चामड्याचे म्यान. अमेरिकेत "हंटिंग नाइफ" म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र येते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. नवख्याला महागड्या पोलादाचा उपयोग नसतो. त्याला असा चाकू हवा, ज्याला तो स्वतः घरी बसून धार लावू शकेल. ११९ या कसोटीला उतरतो, म्हणून मी तो सुचवतो. धार लावायची तयारीच नसेल, तर कोणताही चाकू घ्या, दुसऱ्या हंगामात तो बोथटच असणार.

हा चाकू आला कुठून

होयट बक हा कॅन्सस राज्यातला, लोहारकाम शिकणारा मुलगा. शेतीच्या अवजारांची धार टिकत नाही, हे पाहून त्याने पोलादाला पाणी देण्याची स्वतःची पद्धत बसवली आणि १९०२ मध्ये झिजलेल्या कानशींपासून चाकू बनवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो आयडाहोतल्या माउंटन होम गावी पाद्री होता. जवळच्या हवाई तळावरच्या सैनिकांना चाकू कमी पडतात असे कळल्यावर त्याने चर्चच्या तळघरात भट्टी लावली. १९४७ मध्ये तो सॅन डिएगोला मुलाकडे, अल बककडे गेला आणि दोघांनी मिळून धंदा सुरू केला. १९६४ मध्ये घडीचा ११० बाजारात आला आणि कंपनीचे नाव देशभर झाले. २००५ मध्ये कारखाना पुन्हा आयडाहोत, पोस्ट फॉल्स गावी गेला.

हा इतिहास ग्राहकाच्याही कामाचा आहे, कारण या घराण्याचे कौशल्य पहिल्यापासून पोलाद तापवून पाणी देण्यात राहिले. ११९मध्ये वापरलेले ४२०एचसी पोलाद काही दुर्मीळ नाही, स्वस्त चाकूंतही ते सापडते. फरक पडतो तो भट्टीत. पॉल बॉस या कारागिराने बकसाठी बसवलेल्या उष्णता-प्रक्रियेमुळे तेच पोलाद रॉकवेल मापावर ५८च्या आसपास कठीण होते आणि तरीही ठिसूळ होत नाही.

चाकू हातात घेऊन नीट पाहा

पाते ६ इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटीमीटर. एकूण लांबी साडेदहा इंच. वजन साडेसात औंस, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या थोडे वर. पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या जरा खाली आणि क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास. क्रोमियममुळे गंज लवकर चढत नाही. कार्बन बेताचा असल्यामुळे धार फार काळ टिकत नाही, पण परत लावायला सोपी जाते.

पात्याची पाठ टोकाजवळ आत वळलेली दिसेल. याला क्लिप पॉइंट म्हणतात. त्यामुळे टोक बारीक आणि अणकुचीदार होते. पाठीलगत लांब खाच आहे. ती रक्त वाहून जाण्यासाठी असते असे दुकानातसुद्धा ऐकू येते. रक्ताशी तिचा संबंध नाही. ती पाते थोडे हलके करते आणि चाकूला त्याचे ओळखीचे रूप देते, इतकेच.

मूठ काळ्या फिनॉलिकची, म्हणजे कठीण प्लास्टिकसारख्या द्रव्याची. पाते आणि मूठ यांच्यामधला आडवा गार्ड आणि मुठीच्या मागच्या टोकाचा पोमेल अॅल्युमिनियमचे. लाकडी मूठ आणि पितळी गार्ड असलेली आवृत्तीही मिळते. ती देखणी आहे, पण ओल्या रक्तात काम करायचे असेल तर मला काळी फिनॉलिकच बरी वाटते, ती धुतली की काम संपते. आत एक गोष्ट दिसत नाही, पण माहीत हवी: पात्याचे शेपूट मुठीतून मागपर्यंत जाते खरे, पण ते अरुंद आहे, मुठीइतके रुंद नाही. म्हणून पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड फोडणे, डबा उचकटणे, हाडांच्या सांध्यात पाते घालून पिरगाळणे, ही कामे या चाकूची नाहीत. तंबूजवळ लाकूड फोडायला छोटी कुऱ्हाड ठेवा.

सहा इंच लागतात का?

प्रामाणिक उत्तर: व्हाइटटेल हरणासाठी लागत नाहीत. पोट उघडताना पात्याचे पुढचे दोन-तीन इंचच काम करतात आणि लांब पात्याचे टोक कुठे आहे याचा अंदाज नवख्याला येत नाही. बकच्याच १०२ वुड्समनचे पाते ४ इंच आहे, १०५ पाथफाइंडरचे ५ इंच. फक्त हरणाचीच शिकार करणार असाल आणि तुमचा हात लहान असेल, तर १०५ घ्या आणि या लेखातले बाकी सगळे जसेच्या तसे वापरा. ११९ उपयोगी पडतो तो एल्कसारख्या मोठ्या जनावराचे भाग सुटे करताना, मांसाचे लांब काप काढताना आणि तळावरच्या स्वयंपाकात. एकाच चाकूवर सगळे भागवायचे असेल तर ११९ हा चांगला मध्यम मार्ग आहे.

दुसरे दोन जुने अमेरिकन चाकूही नवख्यांच्या समोर येतात. का-बार हा १९४२ मध्ये मरीन दलाने घेतलेला, ७ इंची पात्याचा. चाकू मजबूत आहे, पण शिकारीच्या नाजूक कामाला जाड पडतो आणि त्याचे जास्त कार्बनचे पोलाद ओले राहिले की गंजते. दुसरा श्रेडचा शार्पफिंगर, साडेतीन इंची, वर वळलेल्या पात्याचा. न्यूयॉर्क राज्यातल्या एलनव्हिलचा हा कारखाना २००४ मध्ये बंद झाला. त्याआधीचा, अमेरिकेत बनलेला चांगल्या अवस्थेतला शार्पफिंगर जुन्या बाजारात मिळाला तर बिनधास्त घ्या. सोलायला तो फार सुरेख आहे.

पायरी १: घेण्याआधी तुमच्या राज्याचा कायदा पाहा

चाकू घरात असणे आणि तो कमरेला लावून फिरणे, या कायद्याच्या नजरेत निरनिराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत हे नियम राज्यागणिक आणि कधी शहरागणिक बदलतात.

कॅलिफोर्नियात असा चाकू कमरेला म्यानात उघड दिसला पाहिजे. शर्टाखाली किंवा पिशवीत लपवून अंगावर बाळगणे गुन्हा आहे. न्यूयॉर्क शहरात ४ इंच किंवा त्याहून लांब पात्याचा चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगता येत नाही. शिकारीला जाता-येता नेण्यासाठी अपवाद आहे, पण तेव्हाही तो बांधून डिकीत ठेवणेच शहाणपणाचे. टेक्सासने सप्टेंबर २०१७ पासून बंधने बरीच सैल केली, तरी साडेपाच इंचांहून लांब पात्याचे चाकू वेगळ्या गटात ठेवले. असा चाकू घेऊन शाळा, न्यायालय, मतदान केंद्र, बार अशा ठिकाणी जाता येत नाही. ११९चे पाते नेमके अर्ध्या इंचाने त्या रेषेच्या पुढे आहे. म्हणजे सकाळी शिकार करून, चाकू कमरेलाच ठेवून तुम्ही थेट मतदान केंद्रावर गेलात, तर ते बेकायदा आहे. शिवाय कोणत्याही राज्यात असा, फेडरल सरकारी इमारतीत जाताना चाकू गाडीतसुद्धा नसलेला बरा.

शिकारीचा परवाना, टॅग (मारलेल्या जनावरावर लावायची चिठ्ठी) आणि बहुतेक राज्यांत लागणारा हंटर एज्युकेशनचा वर्ग हे वेगळे. तो वर्ग तुम्हाला सक्तीचा नसला तरी करा. चाकूच्या सुरक्षिततेचा भाग तिथे प्रत्यक्ष पाहायला मिळतो.

पायरी २: घेताना काय तपासायचे

नवा ११९ साधारण शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळतो. फारच स्वस्त दिसला तर थांबा, कारण या चाकूच्या नकला बाजारात आहेत. बक स्वतः काही मॉडेले चीनमध्ये बनवून घेते आणि तसे पात्यावर स्पष्ट लिहिते. अमेरिकी ११९च्या पात्यावर, गार्डजवळ, बकचे नाव, ११९ हा आकडा आणि यूएसए ही अक्षरे असतात.

चाकू डोळ्यांसमोर धरून टोकाकडून मुठीकडे पाहा. धारेची रेषा सरळ आणि मधोमध हवी. दोन्ही बाजूंना धारेची चकाकती पट्टी सारख्या रुंदीची असावी. गार्ड आणि पोमेल अंगठ्याने हलवून पाहा, जराही खुळखुळता कामा नये. मग म्यान पाहा. बटणाची पट्टी मुठीवर घट्ट बसते का? म्यान उलटे करून हलवल्यावर चाकू आतच राहतो का? म्यानाची शिवण धारेच्या बाजूने मजबूत आहे का? नव्या माणसाला म्यान दुय्यम वाटते, पण झाडीतून चालताना धार आणि तुमची मांडी यांच्यामध्ये तेच असते.

जुना चाकू घ्यायचा असेल तर गार्डजवळचा शिक्का वाचा. १९८६ पासून बकने मॉडेलच्या आकड्याच्या शेजारी दरवर्षी वेगळे छोटे चिन्ह कोरले. कंपनीच्या तक्त्याशी ते ताडून वर्ष कळते. पोलादही बदलत गेले: आधी ४४०सी, १९८०च्या दशकात ४२५एम आणि १९९०च्या दशकापासून ४२०एचसी. ४४०सीचे जुने चाकू संग्राहक शोधत असतात आणि त्यांची धार खरोखर जास्त टिकते. पण त्यांना धार लावायलाही घाम गाळावा लागतो. जुन्या चाकूत मी सगळ्यात आधी पाते किती झिजले आहे ते पाहतो. वेड्यावाकड्या धारेने अर्धे खाल्लेले पाते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

पायरी ३: धार लावायला शिका, आणि हंगामाआधी शिका

या भागाला घाई करू नका. चाकूच्या मालकीतले सगळ्यात समाधानाचे काम हेच आहे.

बक आपल्या चाकूंना दर बाजूला १३ ते १६ अंशांच्या कोनात धार लावून पाठवते. तुम्ही १५ अंश धरा. कोनमापक लागत नाही: पाते दगडावर आडवे ठेवा आणि पाठ वर उचला, पात्याच्या रुंदीच्या साधारण पाव भागाइतकी. झाले १५ अंश. पाते एक इंच रुंद असेल तर पाठीखाली पाव इंच फट.

दगड दोन पुरतात, एक मध्यम आणि एक बारीक. पाण्याचे दगड वापरणार असाल तर हजार आणि तीन हजार नंबरच्या आसपासचे. पण या चाकूसाठी मला अमेरिकेचाच जुना दगड आवडतो, आर्कान्सा राज्यात खाणीतून निघणारा नोव्हॅक्युलाइट. ४२०एचसी त्यावर छान घासले जाते. सॉफ्ट आर्कान्सावर सुरुवात, हार्ड आर्कान्सावर शेवट, दोन्हीवर थेंबभर हलके तेल.

आता कृती.

धारेच्या चकाकत्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी काळा मार्कर फिरवा. दगडावर चार हात मारा आणि बघा. शाई फक्त पाठीकडच्या बाजूने गेली असेल तर कोन कमी पडतोय, फक्त अगदी धारेवरची गेली असेल तर कोन जास्त होतोय. पूर्ण पट्टी साफ होईपर्यंत मनगट जुळवून घ्या. इथे दहा मिनिटे गेली तरी ती वाया नाहीत.

मग एकाच बाजूने, मुठीकडून टोकाकडे, धार पुढे ठेवून, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे अशा हालचालीने घासत राहा. टोकाच्या वळणावर मूठ किंचित वर उचला, नाहीतर वळण बोथट राहते. दाब हलका, हाताच्या वजनापेक्षा थोडाच जास्त. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने अंगठा पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर असा फिरवा, कधीही धारेच्या लांबीने नाही. बारीक खरखरीत कोर लागेल. तिला बर म्हणतात. ती मुठीपासून टोकापर्यंत अखंड लागली, म्हणजे त्या बाजूचे काम झाले. बर येण्याआधी बाजू बदलणे, बहुतेकांची धार इथेच बिघडते.

दुसऱ्या बाजूने तेच करा. मग बारीक दगडावर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, दाब कमी कमी करत. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर, या वेळी धार मागे ठेवून, दहा-बारा हात. उरलेली बर निघून जाते.

परीक्षा अंगठ्यावर घेऊ नका. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरा आणि मुठीपासून टोकापर्यंत कापा. जिथे कागद अडकून फाटतो, तिथे परत जा.

रानात खिशात सिरॅमिकची छोटी कांडी ठेवा. एका हरणानंतर दर बाजूला पाच-सहा हलके हात एवढ्याने धार परत येते. इलेक्ट्रिक यंत्रावर किंवा दुकानातल्या फिरत्या चाकावर या चाकूला धार लावू नका. चाकावर पोलाद तापते आणि भट्टीत कमावलेला कठीणपणा धारेवरून निघून जातो.

पायरी ४: पहिल्या हरणावर

सगळ्यात आधी हरीण खरोखर मेले आहे याची खात्री करा. मागून जवळ जा आणि लांब काठीने उघड्या डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही की मगच पुढे. बंदूक रिकामी करून बाजूला ठेवा. राज्याच्या नियमाप्रमाणे टॅग लावा. रबरी हातमोजे घाला. बाह्या वर करा, घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा.

चाकू काढण्याआधी दोन नियम मनात पक्के करा. धार आपल्याकडे येईल असा काप घ्यायचा नाही आणि मांडीवर किंवा मांड्यांच्या मध्ये ठेवून काहीही कापायचे नाही, तिथली रक्तवाहिनी कापली तर रानातून दवाखान्यापर्यंत पोहोचायला वेळ मिळत नाही. तिसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची: चाकू हातातून सुटला तर पडू द्या, झेलायला जाऊ नका. मदतीला माणूस असेल तर एका वेळी एकानेच चाकू धरावा आणि दुसऱ्याने पाय धरून ठेवावेत. पोकळीत दोघांचे हात एकदम नकोत.

हरीण पाठीवर झोपवा, शक्य तर डोके थोडे चढावर. मागे गुदद्वाराभोवती गोल काप घेऊन आतडे मोकळे करा आणि दोरीने बांधा, म्हणजे घाण मांसावर सांडणार नाही. मग छातीच्या हाडाखाली मऊ भागात कातडे चिमटीत वर उचलून छोटा काप घ्या. आता डाव्या हाताची दोन बोटे आत घाला, इंग्रजी व्ही अक्षरासारखी पसरून. कातडे आणि पोटाचा पातळ थर बोटांनी वर उचला आणि त्या दोन बोटांच्या मधून पाते धार वर, आकाशाकडे, करून पुढे सरकवा. ११९चे टोक अणकुचीदार असल्याने इथे विशेष सांभाळा: टोक बोटांच्या पुढे जाऊ द्यायचे नाही. ते कोथळ्यात घुसले तर आतला ऐवज मांसावर पसरतो आणि सगळा वास तिथेच बसतो. मूत्राशयाजवळ अजून सावकाश.

धार वर ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. केसांत धूळ, वाळू असते आणि बाहेरून केस कापले की धार भराभर जाते. आतून बाहेर कापले की केस बाजूला होतात, तुटत नाहीत. मांसावर केसही कमी येतात.

पोट उघडले की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा दोन्ही बाजूंनी बरगड्यांपासून कापा. मग हात वर गळ्यापर्यंत घालून श्वासनलिका आणि अन्ननलिका पकडा आणि त्यांच्या वरच्या टोकाला कापा. हे काम चाचपून करायचे असते, डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून दुसऱ्या हाताचे बोट धारेच्या वाटेत नाही याची खात्री करून एकच छोटा काप घ्या. त्या नळ्या धरून खाली ओढल्या की सगळा कोथळा एकत्र बाहेर येतो. हरीण कुशीवर वळवून रक्त वाहू द्या.

काळीज आणि यकृत खाणार असाल तर ते स्वच्छ पिशवीत वेगळे ठेवा. मांस ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सियसच्या खाली लवकरात लवकर आणायचे असते. हवा गरम असेल तर आत बर्फाच्या पिशव्या ठेवा.

काम संपेपर्यंत चाकू गवतात टाकू नका. रक्ताळलेला चाकू पाचोळ्यात शोधताना हात कापतात. बाजूला एक ठरलेला ओंडका किंवा दगड निवडा आणि दर वेळी तिथेच ठेवा.

सीडब्ल्यूडी असलेल्या भागात

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (सीडब्ल्यूडी) हा हरणांच्या मेंदूचा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला आणि आता अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत आहे. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. माणसाला झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा, सल्ला स्पष्ट आहे: अशा भागात हरणाची तपासणी करून घ्या, रोग निघाला तर मांस खाऊ नका, मेंदू आणि पाठीच्या कण्याला हात लावणे टाळा, हातमोजे वापरा.

चाकूशी याचा थेट संबंध आहे, कारण प्रायॉन साध्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकी सरकारी शास्त्रज्ञांनी दाखवले की स्टेनलेस पोलादाच्या पृष्ठभागावरचे सीडब्ल्यूडीचे प्रायॉन ४० टक्के घरगुती ब्लीचच्या द्रावणात पाच मिनिटे ठेवल्याने निकामी होतात. म्हणजे दोन भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी. आधी मांसाचे सगळे कण घासून काढा, कारण कणांच्या आतपर्यंत ब्लीच पोहोचत नाही. ब्लीच पोलादालाही खाते आणि गार्डच्या अॅल्युमिनियमलाही. म्हणून घड्याळ लावा आणि पाच मिनिटे होताच चाकू वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा, लगेच कोरडा करा, तेल लावा. अशा चाकूने घरी भाजी चिरू नका. शिकारीचा चाकू शिकारीलाच ठेवा.

पायरी ५: घरी आल्यावर

कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. गार्ड आणि मूठ जिथे मिळतात त्या सांध्यात रक्त साचते, तिथे जुन्या दातघासणीने घासा. डिशवॉशरमध्ये कधीही घालू नका. उष्णता आणि तीव्र साबण यांनी धार, मूठ आणि अॅल्युमिनियम तिन्ही खराब होतात. फडक्याने पुसून तासभर उघडे ठेवा, मग पात्यावर खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा पातळ हात. जेवणाचे तेल नको, काही आठवड्यांत ते चिकट होते.

आणि चाकू म्यानात ठेवून कपाटात टाकू नका. चामडे हवेतला ओलावा धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्येही त्यात उरलेली असतात. वर्षभर बंद ठेवलेल्या स्टेनलेस पात्यावरही त्यामुळे काळपट ठिपके उठतात. चाकू कागदात गुंडाळून वेगळा, म्यान वेगळे. म्यान ओले झाले तर सावलीत वाळवा, शेकोटीजवळ नाही, चामडे आकसून तडकते. वर्षातून एकदा मेणयुक्त मलम लावा. फार तेल पाजले तर चामडे लिबलिबीत होते आणि चाकू धरत नाही. चाकू म्यानात घालताना म्यान पाठीच्या बाजूने धरा, धारेच्या शिवणीवर बोटे नकोत, आणि बटणाची पट्टी धारेच्या वाटेतून आधी दूर करा, नाहीतर पहिल्याच हंगामात ती कापली जाते.

बक आपल्या चाकूंना कायमची हमी देते. ती बनावटीतल्या दोषांना लागू होते. टोक मोडले कारण तुम्ही उचकटत होता, तर तो दोष धरला जात नाही.

भारतात नेणार असाल तर

गावाकडचे नातेवाईक असा चाकू मागतात, म्हणून हे लिहितो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, तेव्हा तिथे हा चाकू शिकारीचे हत्यार म्हणून नेण्याचा प्रश्नच नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. ११९ त्या मापात बसत नाही. तरीही महाराष्ट्रात पोलीस वेळोवेळी जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश काढतात आणि ते लागू असताना असा चाकू घेऊन रस्त्यावर दिसलात तर इंचांचा हिशेब कोणी मोजत बसणार नाही. विमानात तो फक्त चेक-इन सामानात, म्यानात आणि वरून जाड पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवायचा, सामान तपासणाऱ्याचा हात कापता कामा नये. कस्टम्समध्ये विचारले तर लपवाछपवी न करता दाखवा आणि खरेदीची पावती जवळ ठेवा.